साळिंदराने सोडवलेलं इंजिन

बाळांनो, विश्वास कुणावर ठेवावा? तेल ओतणाऱ्यावर, की लाथ मारणाऱ्यावर? घाईने उत्तर देऊ नका. घाईने उत्तर देणारी मोठी माणसं माझ्या दुकानात रोज येतात, आणि दुसऱ्या दिवशी माल बदलून मागतात.

तर एका जंगलात एक अस्वल होतं. त्याची मोटारसायकल दोन पावसाळे चिंचेखाली उघडी राहिली, आणि इंजिन गंजून जाम झालं. किकवर अख्खं अस्वल उभं राहिलं, तरी किक हलेना.

अस्वलाने इंजिन उतरवून अंगणात पोत्यावर घेतलं, वरचं हेड उघडलं. आत पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, जसा जावई सासुरवाडीला.

शेजारी साळिंदर राहायचं. त्याला कुणी कधी जवळ बसवून घेतलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याचं पान वेगळं, पार दाराशी. अंगावर काटे, त्याला कोण काय करणार?

ते म्हणालं, डिझेल ओतून ठेवू, मुरू दे, मी रोज येऊन बघीन.

"सुटलं तर तुला काय देऊ?"

"काही नको. पहिल्या फेरीला मला मागे बसव. बाजारापर्यंत."

अस्वलाने इंजिनाकडे पाहिलं. हे काही या जन्मी सुटत नाही, अशी त्याची खात्री पटली.

"बसवीन की," ते उदारपणे म्हणालं.

साळिंदर रोज यायचं. डिझेल ओतायचं, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकायचं आणि जायचं. कोल्हा सगळ्यांना सांगत सुटला, की शेजारी इंजिनाचं लोणचं घालतायत.

एके दिवशी पिस्टन केसभर सरकला. साळिंदराने पाहिलं. अस्वलानेही पाहिलं.

"उद्या सुटेल," साळिंदर म्हणालं.

त्या दिवशी अस्वलाला जेवण गेलं नाही. ते सारखं स्वतःच्या पाठीवरून हात फिरवत होतं.

दुसऱ्या दिवशी साळिंदर येण्याआधीच त्याने माकडाला बोलावलं. माकडाने जन्मात इंजिनाला हात लावला नव्हता, त्यामुळे त्याला कसलीच शंका नव्हती. त्याने किकवर एक लाथ घातली. इंजिन फिरलं.

माकडाच्या लाथेने इंजिन सुटलं, असं अस्वलाने जंगलभर सांगितलं. हार आला, नारळ आला. आमच्या दुकानातही असंच होतं. घट्ट डब्याशी एक जण अर्धा तास झटतो, झाकण दुसऱ्याच्या हातात उघडतं, आणि तो विचारतो, यात अवघड काय होतं?

साळिंदर डिझेलचा डबा घेऊन आलं, तेव्हा सत्कार चालू होता.

"आत झिरपलेलं डिझेल आधी काढ, नवं ऑइल भर," ते म्हणालं. पण तेव्हा माकड भाषण करत होतं.

इंजिन कसंबसं जोडलं. अस्वल पुढे, माकड मागे, निघाले. ओढ्याच्या चढावर इंजिन पुन्हा जाम झालं. दोघांनी गाडी ढकलत घरी आणली. वाटेत माकड सांगत होतं की लाथ बरोबरच बसली होती, इंजिनाची श्रद्धा कमी पडली.

अस्वल साळिंदराच्या बिळाशी गेलं. खूप गोड बोललं.

"या वेळी नक्की बसवीन, दादा. एकदा सुटू दे."

"सुटल्यावर नको. आत्ता बसव."

"अरे, बंद गाडीवर?"

"बंदच बरी. मला वाटेत उतरवणार कुठे?"

मग गाडी स्टँडवर लावली. पुढे अस्वल बसलं, मागे साळिंदर. सगळं जंगल बघायला आलं. अस्वल इतकं ताठ कधीच बसलं नव्हतं.

संध्याकाळ होईपर्यंत साळिंदर एकदाच बोललं.

"बाजार आला की सांग."

तात्पर्य: वचन द्यायचं तर बंद गाडीवरच द्यावं, फक्त ती बंद राहील एवढं स्वतः बघावं. आणि बाळांनो, एक विनंती. तुमच्या घरी अडकलेलं काही सुटलं, तर हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. आधी डिझेल मांडा, मग लाथ. लाथ मांडायची राहिली तरी चालेल. मारणारा आठवण करून देतोच.