हलीमाखालांची टीप

माझ्या निळ्या ब्लाउजच्या डाव्या बाहीवर एक टीप वाकडी गेलेली आहे. शिवणारीचा हात चुकला म्हणून नाही. चौथीतली सेजल ‘एलिफंट’ या शब्दाला अडखळली म्हणून. असं मी म्हणत नाही, हलीमाखाला म्हणतात. तक्रार घेऊन गेले, तर त्यांनी बाही उजेडात धरली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, पोर तुमची, टीप माझी. आता कोणाला बोलणार?" तेव्हापासून मी तो ब्लाउज वरून पदर घेऊन वापरते.

हलीमाखाला म्हणजे पोशीर गावच्या शिवणकामवाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कुवेतला. घर आमच्या प्राथमिक शाळेच्या समोरच, आणि ओट्यावर त्यांचं पायमशीन. मी शाळेत चौथीला शिकवते, कर्जतहून येऊन-जाऊन. शाळा सुटली की माझी पोरं घरी न जाता इंग्रजीचं पुस्तक घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसतात, हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं.

तिथला कायदा असा: पोर वाचतंय तोवर मशीन चालणार. पोर थांबलं की खालांचा पाय थांबला. "टीप तुटली," एवढंच म्हणायचं. "उसव आणि परत मार." म्हणजे वाक्य पहिल्यापासून. एक पान तीनदा वाचायचं. पहिल्यांदा वाचलं तो धावदोरा, दुसऱ्यांदा टीप, तिसऱ्यांदा इस्त्री. एका सुरात रेटून वाचणाऱ्याला म्हणायच्या, "ही गोधडी झाली रं. गळा कुठं, बाही कुठं, काय कळंना."

गंमत म्हणजे खालांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी विचारलं, मग चुकलेलं कळतं कसं? तर म्हणाल्या, शिवण उसवली तर ती बघायला शाळेत जावं लागत नाय.

या कायद्यापायी निम्म्या गावाचे ब्लाउज चौथीच्या पुस्तकात अडकून पडले. एकदा हळदीच्या आदल्या दिवशी नवरीची आत्या ओट्यावर उभी राहून एका पोराला हात जोडत होती, वाच की रं बाबा, माझ्या दोन्ही बाह्या राहिल्यात. पोर घाबरून आणखीच अडकलं. खालांनी आत्यालाच खाली बसवलं आणि पोराला पाणी दिलं. आत्या हळदीला जुन्याच ब्लाउजवर गेली.

खरं सांगते, माझी जळली. मी डी.एड. केलेली, प्रशिक्षणं घेतलेली, रात्र रात्र जागून शब्दपट्ट्या कापलेल्या, आणि माझी पोरं वाचायला शिकणार शिवणाच्या मशीनवर! एक दिवस तणतणत गेले आणि म्हटलं, नुसतं भरभर वाचून काय उपयोग, अर्थ नको का कळायला? खालांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पान संपलं की त्या विचारू लागल्या, मग त्या हत्तीचं पुढं काय झालं? आणि पोरं अख्खी गोष्ट मराठीत सांगू लागली, हातवारे करून. माझ्यापुढे कधी एवढी बोलली नव्हती मेली.

माझा खरा घोर होता तो सेजलचा. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक शब्द वेचून वाचायची. चौथीनंतर आमची पोरं नेरळच्या मोठ्या शाळेत जातात. तिथे सेजलच्या थोरल्या बहिणीला पहिल्याच आठवड्यात उभं राहून इंग्रजीचं पान वाचायला सांगितलं होतं, आणि वर्ग हसला होता. बहिणीने पुढे शाळाच सोडली. सेजलने घरी सांगून टाकलं होतं, मी पाचवीला जायची नाय. तिची आई माझ्यापुढे रडून गेली. वार्षिक परीक्षेपर्यंत या पोरीला एक पान सरळ वाचता आलं पाहिजे, नाहीतर हीसुद्धा घरी बसणार, हे मला दिसत होतं. शब्दपट्ट्या झाल्या, फळा झाला. शेवटी मीच तिला म्हटलं, जा बाई त्या ओट्यावर. तिथे ती रोज जाऊ लागली.

दिवाळीनंतर मी खालांकडे ब्लाउजचं आणखी एक कापड टाकलं होतं. शिमगा झाला तरी ब्लाउजचा पत्ता नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर चांगलं झापायचंच ठरवून गेले, आणि कुडापाशीच थबकले. सेजल वाचत होती. एक ओळ, दुसरी, तिसरी. पूर्णविरामाला श्वास घेत होती, प्रश्नाला आवाज वर नेत होती. मशीन एकदाही थांबलं नाही. पान संपलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, लपवत नाही.

सेजल गेल्यावर मी ओट्यावर चढले, कौतुक करायला. करता करता मशीनकडे नजर गेली. सुईखाली जुन्या चादरीचा तुकडा होता, चाळणीसारखा भोकं भोकं पडलेला. सुईत दोरा नव्हता. माझं कापड आत फळीवर होतं, दिलं तसंच घडी घातलेलं, आणि त्याच्याखाली आणखी चार जणींची.

खालांनी सुईखालचा तुकडा ओढून घेतला. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून दिसत नाय, बाई. डोळ्याचा पडदा खराब झाला बोलले डॉक्टर, आता सुधारायचा नाय. दोरा ओवता येत नाय."

"मग सांगायचं नाही का? आणि हे रिकामं मशीन कशाला चालवता?"

"मशीन बंद झालं तर पोरं कशाला येतील? म्हातारीचं तोंड बघायला?" त्यांनी माझा हात धरला. "पोरांना बोलू नका. संध्याकाळ लय मोठी असते."

मी शब्द दिला. मान खाली घालून निघाले, तर वळणावर सेजल उभी. माझीच वाट बघत होती.

"बाई, खालांना सांगू नका हां."

"काय सांगू नको?"

"मशीनला दोरा नाय हे आमाला सगळ्यांना ठावं हाय, ते. त्या पाणी प्यायला उठल्या तवा मी कापड उचलून बघितलं होतं." मग चालता चालता, सहज म्हणाली, "मी नेरळवरनं आले की रोज येणार हाय. पाचवीचं पुस्तक जाड असतंय ना, लय दिवस पुरंल."

मी तिलाही शब्द दिला. दोघींचा शब्द सांभाळत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरांच्या मागोमाग मीही ओट्यावर गेले आणि त्यांच्या रांगेत बसले. खाला कावऱ्याबावऱ्या झाल्या. म्हणाल्या, "बाई, ब्लाउज अजून व्हायचा हाय."

"मला घाई नाही," मी म्हटलं आणि पुस्तक उघडलं. "मी वाचायला आलेय."

खालांनी पायडलवर पाय ठेवला.