दोन ईस्टर, एक रविवार

"येशू आपल्या गावात दर वर्षी दोनदा थडग्यातून उठतो, तर मधल्या आठवड्यांत तो असतो कुठे?"

हा प्रश्न ओतिलियाने विचारला तो मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. पैज अशी की प्रश्न दोन्ही चर्चांत विचारायचा आणि अजिबात हसायचं नाही. हंगेरियन चर्चचे पाद्री म्हणाले, "बाळ, तो आमच्याकडे उठला की उठलाच. त्यांना बातमी उशिरा पोचते." रोमानियन चर्चचे फादर म्हणाले, "मुली, तो वेळेवरच उठतो. त्यांना दम निघत नाही." ओतिलिया हसली नाही, पैज जिंकली, आणि सोळाव्या वर्षीच तिला एक गंभीर सत्य गवसलं. सलोखा म्हणजे प्रेमबीम काही नसतं, ते वेळापत्रक असतं.

गावाचं नाव पेरेनी, किंवा कोर्तेफाल्वा. दोन्हींचा अर्थ नाशपातीचं गाव असाच, आणि दुसऱ्या बाजूने हे नाव आपल्याकडून चोरलं यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. (एकमत झालेला हा एकमेव विषय. नाशपाती बाजारातून आणाव्या लागतात.) गाव आधी हंगेरीत होतं, मग रोमानियात गेलं, मग परत हंगेरीत, मग पुन्हा रोमानियात. एवढा प्रवास करूनही ते जागचं तसूभर हललं नाही. मात्र पाट्या प्रत्येक वेळी नव्या रंगवाव्या लागल्या. (ज्यांच्या प्रांतात पाटीवरच्या भाषेवरून कधीच भांडण झालं नाही, अशा सुदैवी वाचकांना हे समजायला जरा जड जाईल.)

अशा गावात शांतता नांदते ती चंद्राच्या कृपेने. ईस्टरची तारीख चंद्रावरून ठरते, आणि दोन चर्चांची पंचांगं वेगळी. हंगेरियनांचा ईस्टर एका रविवारी येतो, रोमानियनांचा बहुतेक वर्षी त्यानंतरच्या कुठल्यातरी रविवारी. त्यामुळे एक बाजू सणात असते तेव्हा दुसरी मोकळी असते. शेजारी जाऊन शुभेच्छा द्यायच्या, गोड पाव खायचा आणि घरी येऊन "साखर कमी होती" म्हणायचं. नगरपालिकेच्या सहजीवन समितीच्या हिशोबाने गावातला ब्याण्णव टक्के सलोखा या दोन रविवारी तयार होतो. उरलेला आठ टक्के अंत्ययात्रांना.

ओतिलियाचे पप्पा हंगेरियन, मम्मी रोमानियन. लोक तिला अर्धी-अर्धी म्हणत, पण ते साफ चूक होतं. पिरोश्का आजीकडच्या रविवारी, म्हणजे पप्पांच्या आईकडे, ती अख्खी हंगेरियन असे. वेतुरिया आजीकडच्या रविवारी, म्हणजे मम्मीच्या आईकडे, अख्खी रोमानियन. ती अर्धी कधीच नव्हती, पाळीपाळीने पूर्ण होती. एवढी सोयीची व्यवस्था मोठमोठ्या तहांनासुद्धा जमलेली नाही.

आणि या वर्षी दोन्ही ईस्टर एकाच रविवारी आले.

समितीची तातडीची बैठक भरली. आता शुभेच्छा द्यायला जायचं कुणी? सगळेच निघाले तर सगळ्यांना कुलपं भेटतील, सगळेच घरी थांबले तर पाव शिळा होईल. सदस्यांनी पर्याय सुचवले. रस्त्याच्या उजव्या बाजूच्यांनी बाहेर पडावं, डाव्यांनी घरी बसावं (उजवी कुठली, यावर दोन तास). एका सदस्याने चंद्राला निषेधाचं पत्र पाठवावं असं सुचवलं. ते कुठल्या भाषेत लिहायचं यावर बैठक संपली.

इकडे दोन्ही आज्यांनी नातीला बरोब्बर बारा वाजता जेवायला बोलावलं.

पप्पांनी चुटकी वाजवली. "अगं, प्रश्नच नाही! आईचं स्वयंपाकघरातलं घड्याळ हंगेरीच्या, म्हणजे बुडापेस्टच्या, वेळेवर चालतं. म्हणजे तिचे बारा आपल्या एक वाजता. आधी वेतुरिया आजीकडे जेव, मग आईकडे."

खरंच होतं ते. आजोबांनी लावलेलं ते घड्याळ, आजोबा गेले तरी एक तास मागेच होतं. "एक तास काही फार मोठा प्रदेश नाही," पिरोश्का आजी म्हणे, "पण तेवढा तरी अजून आमच्या ताब्यात आहे."

तिला ही योजना कळली आणि ती फोनवर कडाडली, "म्हणजे त्या वेतुरियाच्या जेवणावर माझा ईस्टरचा हॅम? भरल्या पोटाने येऊन माझ्यासमोर ढेकरा देणार तू?" मग ती स्टुलावर चढली आणि आपल्या हाताने काटा एक तास पुढे सरकवला. इतक्या सरकारांना जे जमलं नाही, ते एका हॅमने करून दाखवलं. समितीने या घटनेची "ऐच्छिक एकात्मता" अशी नोंद केली आणि टाळ्या वाजवल्या.

आता दोन्हीकडे बारा म्हणजे बाराच. मग लढाई चुलीवर गेली.

"पिल्लू, यंदा मी हॅम करतेय हं," वेतुरिया आजीने फोन केला. "वर त्या तिखट मुळाचा कीस घालून. तुला आवडतो ना, डोळ्यांतून पाणी काढणारा?"

"पण आजी, ते तर पिरोश्का आजी करते."

"करते कसली! नुसतं मीठ असतं त्यात."

दहा मिनिटांनी पिरोश्का आजीचा फोन. "राणी, कोकराच्या काळजाची वडी जमली बघ मला. अंडीसुद्धा लाल रंगवलीत, एकजात लाल."

"आजी, ते तर रोमानियन लोकांचं..."

"कुणी सांगितलं? आमच्याकडून नेलंय त्यांनी!"

गुरुवारपर्यंत परिस्थिती अशी झाली की हंगेरियन जेवायचं असेल तर रोमानियन आजीकडे जायचं, आणि रोमानियन जेवायचं असेल तर हंगेरियन आजीकडे. दोघींच्या हातावर भाजल्याचे डाग होते, आणि आपण शेजाऱ्याचं काही शिकलो हे दोघींनाही मान्य नव्हतं.

पण जेवण हा मुद्दा नव्हताच. फोन ठेवताना दोघी एकच वाक्य म्हणाल्या होत्या, वेगवेगळ्या भाषांत पण त्याच सुरात. "ये गं, म्हणजे कळेल सगळ्यांना, तू कुणाची ते." ओतिलियाने हिशोब मांडला. एका रविवारी एका टेबलावर बसून ती कायमची एकीची होणार होती, आणि दुसरीला या वयात नात उरणार नव्हती. वर्गातही तेच. "सांग ना गं, कुणाकडे?" तिच्या मैत्रिणीने, एनिकोने, तर चॉकलेटची पैज लावलेली.

शनिवारी सकाळी पप्पा आणि मम्मी तिला समजवायला बसले.

"हे बघ, तुझ्या मनाला विचार," मम्मी म्हणाली. (मन कुठल्या भाषेत उत्तर देणार, याची तिला खात्री होती.)

"कुठेही जा, बेटा," पप्पा म्हणाले. "फक्त माझ्या आईचं वय बघ."

"आणि माझी आई काय वीस वर्षांची आहे, झोम्बोर?"

"मी कुठे काही म्हटलं?"

ओतिलियाने मागचे सगळे ईस्टर आठवून पाहिले. सासूकडे जायची वेळ आली की दर ईस्टरला पप्पांची गाडी बिघडायची. मम्मीचं डोकं दुखायचं. आणि दोन्ही घरांचा सलोखा राखायला कोण जायचं? प्लेट हातात घेऊन, केसांना रिबीन बांधून, तीन वर्षांची असल्यापासून?

(ज्या वाचकांनी एव्हाना मनातल्या मनात एक आजी निवडली आहे, त्यांनी लाजू नये. समितीने तुम्हाला पाहिलं आहे.)

"ठरलं माझं," ती उठून म्हणाली. "उद्या बाराला पप्पा वेतुरिया आजीकडे जेवणार आणि मम्मी पिरोश्का आजीकडे. मी घरी बटाटे उकडून खाणार. गाडी ठीक आहे, मी बघितली. डोक्याची गोळी टेबलावर ठेवलीय. आणि यापुढे मला कुणीही विचारलं, 'मग तू कुणाची?', तर त्याने आधी स्वतः कुणाचा ते सांगायचं, दुसऱ्या बाजूकडे जेवून आल्यावर."