न्हानूकाका आणि सड्यावरचे विमान

आमचे शेजारी न्हानूकाका बसमध्ये चढण्याआधी बसला एक प्रदक्षिणा घालत. देवळाला घालतात तशीच, फक्त हात जोडण्याऐवजी ते टायरांना लाथा मारत. धारगळच्या नाक्यावर म्हापशाची बस थांबली, की आम्ही बायका पिशव्या सावरून आत बसायचो आणि काका वाकून बसच्या पोटाखाली पाहत असायचे.

"काका, चडतलेत काय आमी वचूं?" कंडक्टर ओरडे.

"थांब रे. मागचो उजवो टायर अनसर्व्हिसेबल आसा."

"तुमी सोडून सगळो गाव त्याच टायरार म्हापशें पावता!"

काका जन्मभर हवाई दलात विमानांचे फिटर होते. जगातल्या सगळ्या वस्तूंच्या त्यांच्या लेखी दोनच जाती, सर्व्हिसेबल आणि अनसर्व्हिसेबल. माझी सोलकढी सर्व्हिसेबल. पोदेराचा कालचा पाव अनसर्व्हिसेबल. माझ्या नवऱ्याचा गुडघाही अनसर्व्हिसेबल. सरपंचांबद्दल काय म्हणाले ते लिहीत नाही.

त्यांची बायको ते आसामात असताना तापाने गेली. मूलबाळ नव्हते. निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा दार उघडायलाही कोणी नव्हते. किल्ली आमच्याकडे होती.

आणि एके दिवशी आमच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळपठारावर, विमान उतरले. जुने लष्करी डकोटा, मालवाहू. लष्कराने काढून टाकलेले कुठल्याशा मुंबईच्या कंपनीने विकत घेतले होते. वाटेत डावे इंजिन बिघडले आणि पायलटने सपाट सडा पाहून ते खाली आणले. सगळा गाव तिकडे पळाला. आमचे काका मात्र चालत गेले, विमानाला सावकाश एक फेरी घातली आणि त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "खूप दिसांनी."

कंपनीने दुरुस्तीचे काम त्यांनाच दिले. दुसरे इंजिन आले, डिचोलीच्या खाणीवरची क्रेन आणून ते बसवले. मी सड्यावर गवत कापायला जाताना काकांसाठी पेज नेत असे. पंखाच्या सावलीत गावचे पुरुष बसलेले असत. तेव्हा घटकराज्य व्हायचे होते आणि जिकडेतिकडे कोकणी की मराठी हाच वाद. एकदा भांडण अगदी हातघाईवर आले. कोणीतरी काकांनाच बाजू विचारली, "काका, तुमी खंयच्या वटेन?"

"दाव्या इंजिनाच्या," काका म्हणाले. "उजवें बरें आसा."

शिमगा झाला तरी विमान काही उडेना. कधी तेल गळते, कधी नळी बदलायची. मुंबईचे साहेब येऊन बजावून गेले, पावसाआधी उडाले नाही तर जागेवरच कापून भंगारात घालू. लोक हसू लागले. "काकांचोच नट ढिलो जालो!"

एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा सड्यावर दुसरे कोणी नव्हते. काका शिडीवर होते. काल माझ्यासमोर घट्ट करून, सुटू नये म्हणून त्यावर तार पिळलेला नट ते आज सोडवत होते. मला पाहून हात थांबला.

"हें मातशें परत पळोवचें पडटलें, बाये."

मी चौथी शिकलेली. विमानातले मला काय कळणार? पण तार नवी होती आणि ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. एवढे कळले. मला माणसांपुढे बोलता येत नाही. तरी तोंडून निघाले, "काका, ते तिका कापतले."

पेज निवून गेली. मग त्यांनी तो नट पुन्हा घट्ट केला, तार पिळली आणि हात पुसत खाली उतरले.

"साहेबाक तार कर म्हण तुज्या घोवाक. सर्व्हिसेबल."

पायलट आला त्या सकाळी काका इस्त्रीचे कपडे घालून आमच्या दारात उभे. "बाये, ओटी भरूंक येशी? आमच्यांत चेडवाक अशी रिकामी धाडिनात."

सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी ओटी भरायला मी तांदूळ, नारळ, खण घेऊन गेले. पण विमानाची ओटी भरायची कुठे? मी चाकापाशी गेले, नाकापाशी गेले. पायलट गोंधळून बघत होता. काकांनी विचार केला आणि मागचे मोठे दार उघडले. "हांगा. भार ती हांगाच घेता."

मी ओटी ठेवली. काका लगेच आत चढले आणि दोरीने नारळ करकचून बांधला. "उडटना घरंगळटा," ते म्हणाले. गाठ बांधायला त्यांना फार वेळ लागला.

दोन्ही इंजिने धडधडली. धुळीने आम्ही सगळे लाल झालो. विमान सड्यावरून धावले, उचलले, काजूच्या झाडांवरून वळले आणि ठिपका होऊन गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही.

ते माझ्यामागोमाग घरापर्यंत आले. त्यांचे घर आधी लागते, पण तिथे थांबले नाहीत.

"बाये, आज तुमगेर जेवूं?"

मी पाट मांडला. माझा नवरा उगाचच काजूच्या भावाचे बोलत राहिला. जेवण झाले तरी काका उठले नाहीत. दिवेलागणीपर्यंत आमच्या पायरीवर बसून होते. खालच्या हमरस्त्यावरून ट्रक घरघरत गेला, की ते मान उचलून वर आभाळात बघत.