प्रश्न क्रमांक सत्तेचाळीस आणि दोन वसुमती

एका छायाचित्राकडे बोट दाखवून एक तरुणी म्हणाली, "ही माझ्या वडिलांच्या एकुलत्या एक सख्ख्या बहिणीची एकुलती एक मुलगी." तर छायाचित्रातली बाई त्या तरुणीची कोण? पर्याय चार: आई, आतेबहीण, मावशी, वहिनी.

सहायक पदाच्या भरती परीक्षेतला हा प्रश्न क्रमांक सत्तेचाळीस. वाचकांनी आपलं उत्तर मनातल्या मनात ठरवून ठेवावं, शेवटी लागणार आहे. चार लाख उमेदवारांनी ते अर्ध्या मिनिटात ठरवलं. बेंगळूरच्या संहितानं अकरा सेकंदांत ठरवलं, कारण तर्कशक्ती ह्या विषयात तिचा हात धरणारं क्लासमध्ये कुणी नव्हतं. तिनं "आई" ह्या पर्यायावर टिचकी मारली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

निकाल लागला. निवडीला एकशे एकतीस गुण लागत होते आणि संहिताला पडले होते एकशे तीस. पुढच्या महिन्यात तिची वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे पुन्हा परीक्षा नाही. सात वर्षांची तयारी, नाकारलेली दोन स्थळं आणि भुसा भरावा तशा डोक्यात भरलेल्या देशोदेशीच्या राजधान्या, हे सगळं त्या एका टिचकीवर येऊन बसलं.

आता एवढ्या हुशार मुलीचं चुकलं कसं, ते सांगायला हवं. बेंगळूरच्या शिवाजीनगरात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर वादिराजसरांचा क्लास आहे. सर दोन नियम शिकवत. पहिला असा, की दिलेली विधानं सर्वज्ञात सत्याशी विसंगत असली तरी खरी मानायची. सगळी टेबलं मांजरं आहेत असं छापलं असेल तर टेबलाला दूध ठेवायचं, शेपूट शोधत बसायचं नाही. दुसरा नियम नातेसंबंधांच्या गणितांसाठी होता. परकी नावं डोक्यात राहत नाहीत, म्हणून चौकटी आखायच्या आणि त्यांत आपल्या घरची माणसं बसवायची. संहितानं तेच केलं. वडिलांच्या चौकटीत तिनं अप्पांना, म्हणजे गुरुराजांना बसवलं. त्यांच्या बहिणीच्या चौकटीत अज्जी बसली. बहिणीच्या मुलीच्या चौकटीत कोण, म्हणून पाहते तर तिथं आई बसलेली.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी लगेच भुवया उंचावू नयेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी संहिताच्या घराण्यासारखी मराठी मंडळी दक्षिणेत आली तेव्हा इथली भाषा, इथला भात आणि मामानं भाचीशी लग्न करायची इथली रीत, असं तिन्ही त्यांनी घेतलं आणि तिन्ही त्यांना चांगलं मानवलं. गुरुराजांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या मुलीशी, वसुमतीशी, चौतीस वर्षांपूर्वी चारचौघांत लग्न केलं. लहानपणी वसुमतीबाई त्यांना मामा म्हणत, आणि राग आला की अजूनही म्हणत. संहिताला आतेबहीण नव्हती असं नाही. होती, पण ती रोज सकाळी तिला इडली करून वाढायची आणि ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून बोलायची. अशा बाईला आतेबहीण म्हणायचं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

परीक्षा मंडळानं उत्तरसूची जाहीर केली, तीत सत्तेचाळीसच्या पुढे "आतेबहीण" होतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. संहितानं तीन पानी हरकत लिहिली, सोबत आईवडिलांच्या लग्नाचा फोटो जोडला. महिन्याभरानं उत्तर आलं: "आपली हरकत प्रत्यक्ष वस्तुस्थितीवर आधारित असल्याने ती विचारात घेता येत नाही. सबब, सक्षम अधिकाऱ्याचा वंशवृक्षाचा दाखला सादर करावा."

घराण्याची जुनी जागा देवनहळ्ळीची, म्हणून दाखलाही तिथलाच. संहिता आणि गुरुराज बस धरून तिथं पोचले. खिडकीमागे हयवदन नावाचा भला माणूस होता. नावं ऐकल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात मराठीत बोलायला लागला, कारण त्याच्याही घरी तेच बोलत. त्यानं भराभर माणसं भरली. गुरुराजांच्या बहिणीखाली मुलगी म्हणून वसुमती घातली. मग गुरुराजांच्या बाजूला पत्नी म्हणून वसुमती घालायला गेला, तर कॉम्प्युटर अडला. ही व्यक्ती झाडावर आधीच आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

गुरुराजांनी सांगितलं की तीच ती. हयवदनलाही ते मान्य होतं. पण कॉम्प्युटरच्या मते एका माणसाला एकाच फांदीवर बसता येत होतं. वसुमतीबाईंना मुलगी ठेवावं तर गुरुराज बिनलग्नाचे राहत होते आणि संहिता कुठूनच येत नव्हती. पत्नी ठेवावं तर बहीण निपुत्रिक होत होती आणि हरकतीतला सगळा जीवच जात होता. तिघांनी दीड तास डोकं फोडून पाहिलं. शेवटी हयवदनला दया आली.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करतो," तो म्हणाला. "एकीच्या दोघी करू. एक आणि दोन. बघणाऱ्याला कळतंय की!"

अप्पांनी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि दाखला निघाला. त्यावर गोल शिक्का होता. वसुमती १, गुरुराजांच्या बहिणीची मुलगी, अविवाहित. वसुमती २, गुरुराजांची पत्नी, आईवडिलांची माहिती उपलब्ध नाही. घरी आल्यावर वसुमतीबाईंनी तो दोनदा वाचला. "चौतीस वर्षं संसार करून मी अविवाहित? आणि दुसरीला आईबापच नाहीत? मामा, तुम्ही तिथं बसून काय करत होता?" असं म्हणून त्या दोन दिवस गुरुराजांशी मामा ह्या एकाच नावानं बोलल्या.

दाखला मंडळाकडे गेला आणि सुनावणीचा दिवस ठरला. संहितानं विचार केला, कागद काहीही म्हणो, आईलाच समोर उभी करू, मग कोण नाही म्हणेल? मंडळाच्या दारात पहारेकऱ्यानं यादी पाहून वसुमतीबाईंना दोन पास दिले आणि दोन्हींवर सह्या घेतल्या. आत अध्यक्ष दयानंद मधोमध बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला, नातेसंबंध विषयाचे तज्ज्ञ म्हणून, प्रत्यक्ष वादिराजसर होते. संहिताच्या जिवात जीव आला. ज्यांनी घरची माणसं चौकटीत बसवायला शिकवलं, तेच तज्ज्ञ होते.

सरांनी मात्र तिला ओळख दिली नाही. निःपक्षपातीपणा राखायचा होता.

दयानंदांनी दाखला वर धरला आणि अदबीनं विचारलं, "बाई, ह्या दोघींपैकी आपण कोण?"

"दोघीही मीच," वसुमतीबाई म्हणाल्या.

"तसं नोंदता येत नाही. आपण पहिल्या असाल तर दुसऱ्या का आल्या नाहीत?"

वसुमतीबाईंनी संहिताकडे पाहिलं, संहितानं सरांकडे पाहिलं, आणि सर उठून फळ्याकडे गेले. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं. विधान पहिलं: वसुमती १ ही उमेदवाराची आतेबहीण आहे. विधान दुसरं: वसुमती २ ही उमेदवाराची आई आहे. विधान तिसरं: १ आणि २ ह्या भिन्न व्यक्ती आहेत. निष्कर्ष: आतेबहीण ही आई नव्हे, मंडळाचं उत्तर बरोबर. उमेदवारानं स्वतःच सादर केलेल्या पुराव्यावरून ते निःसंशय सिद्ध होतं, असंही त्यांनी पुढे सांगितलं. त्या तर्कात एकही फट नव्हती. संहिताला तो मनापासून आवडला, आणि आवडला ह्याचाच तिला संताप आला.

"सर, पण ही इथं बसलीय," ती म्हणाली.

"दिलेली विधानं सर्वज्ञात सत्याशी विसंगत असली तरी खरी मानायची," सर म्हणाले. "सात वर्षं शिकवलं ना मी?"

वसुमतीबाई वादिराजसरांना परकर-पोलक्याच्या वयापासून ओळखत, एकाच मठात जेवायला बसायचे सगळे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सहज विचारलं, "वादी, तुझी बायको तुझ्या कुणाची मुलगी रे?"

सर पाणी प्यायले. मग ग्लासात उरलेलं पाणीही प्यायले.

"माझ्या थोरल्या अक्काची," ते म्हणाले. "पण ते घरातलं झालं, वसुमतीअक्का. इथं मी तज्ज्ञ म्हणून बसलोय."

दयानंदांना अचानक खोकला आला आणि त्यांनी चहासाठी सुनावणी थांबवली. चहा पिताना ते वसुमतीबाईंच्या जवळ येऊन पुटपुटले, की त्यांच्याही आजीला आजोबा नात्यानं मामाच लागत होते, पण हे इतिवृत्तात घेऊ नये. घेतलं नाही.

निर्णय आठवड्याभरानं आला आणि तो अत्यंत न्याय्य होता. उत्तर बरोबरच आहे, परंतु प्रश्न वादग्रस्त ठरल्याने तो रद्द करण्यात येत असून सर्व उमेदवारांना एक गुण देण्यात येत आहे. संहिता वाचता वाचता खुर्चीतून उठली. एकशे एकतीस! अप्पा देवापुढे दिवा लावायला निघालेसुद्धा. मग तिनं पुढचं वाक्य वाचलं. ज्यांचं उत्तर आधीच बरोबर होतं त्यांच्यावर अन्याय होऊ नये, म्हणून त्यांचा मिळालेला गुण कायम ठेवून त्यांनाही हा गुण जादा देण्यात येत आहे. निवडीची सुधारित मर्यादा, एकशे बत्तीस.

संहिता खाली बसली. आईला आई म्हटलं त्याची ही शिक्षा, असं तिला वाटलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती हमसून रडली. वसुमतीबाई शेजारी येऊन बसल्या.

"माझ्यामुळं गेली ना गं तुझी नोकरी?" त्यांनी विचारलं. "लिहायचं होतंस आतेबहीण. मी काय रागावणार होते?"

हल्ली संहिता वादिराजसरांच्या क्लासमध्ये नातेसंबंध शिकवते. सरांनी स्वतः बोलावून नेमलं, अनुभवी माणूस मिळत नाही म्हणाले. दुसरा नियम त्यांनी वहीतून काढून टाकलाय. चौकटीत आता अ, ब, क असतात. गेल्या मंगळवारी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला "आई" लिहिलं. संहितानं त्यावर लाल फुली मारली आणि शेरा लिहिला: वैयक्तिक माहिती वापरू नये. मग ती घरी आली. दार वसुमतीबाईंनी उघडलं. दोघींपैकी कुणी, ते तिनं विचारलं नाही.

राहता राहिले तुम्ही. सुरुवातीला मनात ठरवलेलं उत्तर आठवतंय ना? आतेबहीण. मग बरोबर आहे तुमचं, एक गुण घ्या, आणि तुमच्यावर अन्याय नको म्हणून वर आणखी एक घ्या. बाकीचे गुण संहिताइतकेच धरले, तर एकशे बत्तीस झाले, तुमची निवड झाली. संहिता तुमच्या मागे एका गुणानं उभी आहे. ही सगळी गोष्ट तुम्ही हसत वाचलीत, तिचं उत्तर खरं होतं हे तुम्हाला पटलंही. तर आता तो जादाचा गुण परत देणार का? घाबरू नका, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.