उपरण्याखालचा भाव

मल्लूआप्पांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूची किंमत तोंडानं सांगितली नाही. कुणी त्यांना सांगू लागला, तर ते कानांवर हात ठेवत. सांगलीच्या हळदीच्या पेठेत ते दलाल होते, आणि त्या पेठेत भाव बोलत नाहीत, हात धरून सांगतात. वर उपरणं टाकायचं आणि खाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते आधीच ठरलेलं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. बाकीचे दलाल पेठेबाहेर पडले की उपरणं खांद्यावर टाकून माणसांत येत. आप्पा कधी आलेच नाहीत.

माझं शिवणकामाचं दुकान पेठेच्या कोपऱ्यावर होतं, त्यामुळे हा माणूस मला रोज फुकट बघायला मिळे. एकदा मिरजेच्या सर्व्हिस मोटारीत त्यांनी तिकीट देणाऱ्याचा हात उपरण्याखाली घेतला. तो बिचारा नवा होता. म्हाताऱ्याला घेरी आली असं समजून त्यानं मोटार थांबवली आणि पाण्यासाठी आरडाओरडा केला. भाजीची तर मोठीच पंचाईत. भाजी विकायला बसतात बायका, आणि परक्या बाईचा हात धरायचा कसा? म्हणून बाप्ये विकतील तेवढंच आप्पा खात. आमच्या बाजारात बाप्ये कांदेबटाटे विकायचे. मेथीची चव आप्पा पार विसरले होते.

हसू येतं खरं. पण हाच माणूस कुणाच्या घराची किंमत करायला निघाला, की मी दुकानाला कुलूप घालून मागं जात असे.

तेव्हा घराची किंमत काढायची तर एक इंजिनेर यायचे. टेप लावून मोजायचे, फी घ्यायचे आणि इंग्रजीत कागद द्यायचे. तो कागद वाचून घ्यायला आणखी एकाला चहा पाजावा लागे. आप्पांना फक्त गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी लागे. पाणी मात्र त्याच घरच्या आडाचं हवं. "पानी पिल्याबिगर घर कळत न्हाई," म्हणायचे.

आणि आधी ते त्या घरात जातच नसत. जात शेजाऱ्याकडे. "पोरगी बघाय गेल्यावर शेजारणीला इचारत्यात का न्हाई? मग?" शेजाऱ्याच्या कट्ट्यावर बसून पान लावत आणि विचारत, गल्लीतलं शेवटचं घर कुणी विकलं, आणि विकून जाताना तो हसत गेला की रडत? "हसत गेला आसंल तर त्यो भाव आपल्याला चालत न्हाई. रडत गेला तरी बी न्हाई. गप गेला आसंल तर त्यो भाव खरा."

मग घरात शिरत. पहिला प्रश्न बायकांना. "मांजर कुठं वितंय?" बायका लाजत, हसत, पण कोपरा दाखवत. घरातली सगळ्यात कोरडी, उबदार जागा मांजराला कळते, आणि ती किती मोठी आहे यावर घराचं निम्मं मोल ठरतं, असं त्यांचं शास्त्र. नंतर भिंतीचा एक टवका काढून, हळकुंड मोडून बघावं तसा मोडून बघत. वास घेत. आणि शेवटी भिंतीला गाल लावून डोळे मिटत.

ते गाल लावणं मी पहिल्यांदा अत्तारचाचांच्या घरी पाहिलं. चाचांनी नुकताच चुना मारून घर दुधासारखं केलं होतं. आप्पांचा गाल भिंतीवरून हळूहळू खाली सरकत गेला आणि कमरेच्या उंचीवर थांबला. "किष्णामाई हितवर आलती," ते म्हणाले. चाचा म्हणाले, "छे, आपल्या घरात पूर कधीच नाही." तेवढ्यात आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "आला होता रे. तू पाळण्यात होतास. पाळणा आढ्याला बांधला होता." चाचा भिंतीकडे असे बघत राहिले, की जणू घरच्या माणसानं त्यांच्यापासून काही लपवलं होतं.

किंमत मोठ्यानं विचारलेली त्यांना खपत नसे. "हळू! घर ऐकतंय. आपली किंमत ऐकून कोन सुखी झालंय?" म्हणायचे. तेव्हा जे काय ते उपरण्याखाली. त्यात घोटाळेही व्हायचे. आमच्या मराठी शाळेच्या मास्तरांनी आपल्या घराचा भाव घेताना शेकडा की हजार हे आधी विचारलंच नाही. पाची बोटं दाबली गेल्याबरोबर ते उठले आणि गल्लीभर पेढे वाटून आले. "मास्तर, शेकड्यात हुतं," असं आप्पांनी सांगेपर्यंत पेढे लोकांच्या पोटात गेले होते.

लढाईच्या दिवसांत पेठेजवळच्या घरांवर व्यापाऱ्यांचा डोळा गेला. कुणाला गुळाला जागा हवी होती, कुणाला हळदीला. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, दोन खणांचं घर तिथंच होतं. नवऱ्यानं मरण्याआधी ते तिच्या नावावर केलं होतं. पोरबाळ नव्हतं. तिचे साताऱ्याचे दीर, बापूसाहेब, गुळाच्या व्यापारात पडले होते. ते येऊन म्हणू लागले, "वहिनी, पडकं घर हाय, निस्ती माती. मी घेतो म्हून दोन पैसं तरी येतील." आक्का भोळी होती, पण इतकीही नाही. ती म्हणाली, "आप्पा सांगतील त्यो भाव. तेवढा द्याल तर घर तुमचं." मीही म्हणालो, विक आणि ये माझ्याकडे. माझ्या दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं राहत होतो, पण भावानं असं म्हणायचं असतं.

ठरल्या दिवशी बापूसाहेब स्टँपाचा कागद घेऊनच आले. शेजारीपाजारी जमले. आप्पांनी सगळं यथासांग केलं. शेजार झाला, आडाचं पाणी झालं, मांजराचा कोपरा झाला. भिंतीला गाल लावून तर ते इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं झोपच लागली. मग ते अंगणात आले, आणि रिवाजाप्रमाणे मी माझा हात पुढं केला.

"घर कुनाचं?" आप्पांनी विचारलं.

"आक्काचं."

"मग तुजा हात कशाला, टेलर?"

बापूसाहेब म्हणाले, "आवं आप्पा, बाईमानूस हाय. त्यात नवरा न्हाई तिला. हात कसा धरताय?" आप्पांनी तिकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांवर उपरणं पसरून ते आक्कासमोर उभे राहिले. आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी माझा हात मागं घेतला. मग तिनंच आपला हात पुढं केला. बांगड्या गेल्यापासून त्या हाताला कासारानंसुद्धा हात लावला नव्हता.

पेठेत सौदा व्हायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो. इथं उपरणं हलेचना. आक्काची मान खाली गेली. डोळ्यांतलं पाणी टपटप उपरण्यावर पडलं. मग तिनं हात काढून घेतला, पदराखाली धरला आणि खांबाला टेकून बसली.

"किती?" बापूसाहेबांनी विचारलं.

आक्का गप्प.

त्यांनी आपला आकडा सांगितला. आक्का गप्प. त्यांनी तो वाढवला. आक्का गप्पच. आप्पा शांतपणे गुळाचा खडा चघळत होते. बापूसाहेब घामाघूम झाले, पुन्हा वाढवला, पुन्हा वाढवला. स्वतःशीच इतका वेळ घासाघीस करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी ते ओरडले, "या मातीची येवढी किंमत व्हय?" आणि कागदाची घडी करून साताऱ्याच्या मोटारीला गेले.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "आक्का, किती सांगितली गं?"

"काय न्हाई रं," ती म्हणाली. "माजी बोटं मिटवली, अन् मूठ धरून ठेवली. बस."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण सगळेच म्हणतो. ती कशी झाकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. पण मला तेव्हा राग आला होता. बापूसाहेब शेवटी चांगलाच आकडा बोलले होते. मी तरातरा पेठेत गेलो. आप्पा हळदीच्या पोत्यांवर एकटेच बसले होते.

"आप्पा, तुम्ही भाव का सांगितला नाही?"

"सांगितला आसता तर त्येनं दिला आसता."

"मग बरंच झालं असतं की!"

"अन् ती ऱ्हायली कुठं आसती? तुज्या दोन खोल्यांत?"

आप्पांनी पोत्यावर मला जागा करून दिली.

"माजी धाकटी भन हुती," ते म्हणाले. "तिचा बी मालक असाच गेला. मिरजंला घर हुतं तिचं. म्याच भाव काढला, म्याच गिऱ्हाईक आनलं. मग दोन म्हैनं माज्याकडं ऱ्हायली, मग थोरल्याकडं, मग मावशीकडं. काखंत गठुडं. कुनाच्या बी दारात गेली की उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन इचारायची, 'मी बसू कुठं?' शेवटच्या दुखन्यात माज्याच घरच्या सोप्यात निजून हुती. तवा बी तेच इचारलं तिनं. म्या म्हनलं, अगं, निजल्यास की तू. तर म्हनली, 'व्हय, पर बसू कुठं?'"

ते थोडा वेळ हाताला लागलेली हळद पुसत बसले.

"भाव मातूर लय चांगला आला हुता, गड्या. पेठंत आजून नाव काढत्यात."