मधूभाऊंची तिरपी काडी

नवा माणूस भेटला की मधूभाऊ आधी नाव विचारायचे आणि लगेच निकाल द्यायचे. "शंकर? तुमाले एक काडी लागते." "शिरीष? दोन." समोरचा बावचळून माझ्याकडे बघायचा. मी त्यांच्या हिंगणघाटच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचो, त्यामुळे खुलासा करणं माझ्याच नशिबी यायचं.

गोष्ट दोन हजार तीन-चारची. समाजाच्या उपवर मुलामुलींची यादी इंटरनेटवर टाकायचं काम भाऊंनी फुकट अंगावर घेतलं होतं. जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेत मजकूर अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. आमच्या तेव्हाच्या मराठी फाँटात श आणि ष यांच्या पोटात इंग्रजी अवतरणचिन्हच दडलेलं असे. यादीत शोभा आली की कॉम्प्युटरला वाटे, मजकूर संपला. सगळं पान कोरं! उपाय एकच: त्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ मारायची. तीच भाऊंची काडी.

वधू-वर मेळावा जवळ आला, तसे समाजाचे अध्यक्ष वैतागले. "सोभा लिहून टाक ना बे! बोलतो त आपन तसंच."

"तिच्या बापानं शोभा ठेवलं, काकाजी. मी कोन बदलनारा?" म्हणत भाऊ प्रत्येक श शोधून काडी देत बसले.

असा हा चिवट माणूस स्वतः अडतिसाव्या वर्षी बिनलग्नाचा. क्लास घराच्याच पुढच्या खोलीत. आतून अंथरुणाला खिळलेली माय रोज विचारी, "मधू, तुह्यं नाव टाकलं का रे?"

"टाकलं, माय."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी पान तपासलं, तर त्यात भाऊ कुठेच नाहीत. फाईल उघडली. तिथे त्यांची सगळी माहिती होती, पण ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारलेल्या. अशी ओळ कॉम्प्युटर सोडून देतो; पानावर ती कुणालाच दिसत नाही. मला रागच आला.

"भाऊ, मायले काऊन फसवता?"

भाऊंनी आतलं दार लोटलं. "तीन ठिकानचे पावने आलते. मायले पाह्यलं, चहा पेले, गेले. पुन्हा कोनी तिच्यासमोर तोंड फिरवावं, हे मले नाई पायजे. पन ती म्हनते, माह्यापायी पोराचं अडलं. म्हनून तिले खुर्चीवर बसवून आनतो अन् ही फाईल दाखवतो. वाचता येत नाई तिले. बोट ठेवून सांगतो, हे पाय, मी."

"मग माय काय म्हनते?"

"इचारते, सगळ्यात वर हाय का?"

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. भाऊंची ओळ खरंच सगळ्यात वर होती.