भूपालआण्णांची फळी

आमच्या शेजारचे भूपालआण्णा आजवर शंभरदा आमच्याकडे आले असतील, पण खुर्चीवर एकदाही टेकलेले नाहीत. येतात, सोफ्याकडे संशयानं बघतात आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, नाहीतर चपलांच्या कपाटावर बसतात. सुरुवातीला मला वाटलं, गुडघ्याचं काही असेल. विचारलं तर म्हणाले, "बाई, सोफ्यावर माणूस परका हुतोय. पायरीवर घरचा ऱ्हातोय." मी चहा पायरीवर नेऊन दिला.

आण्णा बागा आणि मैदानं आखून देतात. कुठल्याही बागेत गेले की बाक बघत नाहीत, बाक सोडून माणसं कुठं टेकलीत ते बघतात. एका लग्नात नवरा-नवरी राहिले बाजूला, हे मांडवाबाहेरच्या टाकीचा कठडा मोजत होते, कारण अर्धं वऱ्हाड त्या कठड्यावर बसलं होतं. "ह्यो खरा बाक! कुणी बांधला आसंल?" गवंड्याचं नाव कळेपर्यंत गडी जेवायला हलला नाही.

तर अशा या माणसाला कोकणातल्या एका गावानं समुद्रकिनारा आखायला दिला. लहानथोरांनी यावं, खेळावं, हसावं अशी जागा त्यांना हवी होती. मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्र घाटाखाली, आणि तो आखायचा कोल्हापुरात, आमच्या बोळात बसून? मी म्हटलं, "आण्णा, भरती-ओहोटीचं काय?"

"त्ये बगू की. आदी माणसांचं बगूया."

माणसांचं म्हणजे एक फळी. मुलांच्या बागेत सी-सॉ असतो ना, तसलीच, पण मोठ्या माणसांसाठी, लांब आणि बुटकी. एकटा बसला की त्याचं टोक खाली, दुसरं हवेत. नीट बसायचं तर समोर कोणीतरी हवंच. किनाऱ्यावर अशा बारा फळ्या आणि साधा बाक एकही नाही! मला काही केल्या कळेना. दमूनभागून आलेल्या माणसानं आधी जोडीदार शोधायचा आणि मग टेकायचं?

आण्णांनी फळी बोळात मांडली आणि एका टोकाला बसले. पाच मिनिटं झाली नसतील, कोडोलीहून आलेला एक दूधवाला ओरडला, "काय पावणं, एकटंच? थांबा, आलो!" आणि किटली ठेवून धपकन बसला. मग भाजीवाली. मग पोस्टमन. मग कोणीतरी पत्ता विचारायला आलेला, तो पत्ता विसरून बसला. संध्याकाळपर्यंत फळीवरनं भांडणं लागली. आण्णा खुलले. "बघितलासा बाई? जमलं की!"

मे महिन्याच्या सुट्टीत मीच गाडी काढली आणि आम्ही घाट उतरलो. किनाऱ्यावर नमुन्याची एक फळी बसवली होती. गावच्या समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक शांत, चष्मेवाल्या ताई. नकाशा बघून त्या म्हणाल्या, "छान आहे हो. पण आमच्याकडे अनोळखी माणसाला असं कोणी बोलवत नाही. यावर बसणार कोण?" आण्णांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या हिशेबानं जगात सगळीकडे कोल्हापूरच असतं. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की सूर्य बुडायच्या आत एक जरी अनोळखी माणूस आपणहून बसला, तर बाराच्या बारा फळ्या मंजूर. नाहीतर सिमेंटचे सरळ बाक.

आण्णा बसले. मला बसायची बंदी होती. माणसं येत होती, फळीकडे बघत होती, आण्णांना अदबीनं नमस्कारसुद्धा करत होती आणि लांब वाळूत जाऊन बसत होती. सूर्य खाली चालला. ताईंनी घड्याळात बघितलं. माझा जीव नुसता खालीवर होत होता आणि आण्णा ढिम्म! हा माणूस एक हाक का मारत नाही?

शेवटी मी जाऊन त्यांच्या कानाशी खेकसले, "आण्णा, बोलवा की कुणालातरी! 'पावणं, या' म्हणायला काय जातंय तुमचं?"

आण्णा वाळूकडे बघत होते. "न्हाय जमत, बाई."

"म्हणजे?"

"हाक मारायला जमत न्हाय मला. कदीच न्हाय. घरात माणसं यायची ती सुमनमुळं. दारातनं जाणाऱ्या कुणालाबी बोलवायची ती. मी आपला कडंला बसायचो, बरं वाटायचं. ती गेल्यापासनं दार उगडं ठेवतो, पर हाक कशी मारायची त्ये कळंना झालंय. मग म्हटलं, अशी फळी करूया, की माणूस नुसता बसला तरी बगणाऱ्याला कळंल."

सुमनवहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या घरांची भिंत एक, आणि मी समजत होते की आण्णा आपल्या नादात मजेत आहेत. मला माझीच लाज वाटली. मी मागं सरकले.

तेवढ्यात मासळीची रिकामी पाटी घेऊन एक म्हातारी आली आणि हवेतल्या टोकापाशी थांबली. "हयसर बसलंय तर चलात मां?" तिनं त्या टोकाकडे बोट करत विचारलं. आण्णांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, देवाला ठाऊक. म्हातारीनं पाटी खाली ठेवली, फळीचं टोक हातानं दाबलं आणि बसली. आण्णा अलगद वर गेले.

ताईंनी तिथंच नकाशावर सही केली. मी लांबूनच दोन्ही हात वर करून खूण केली, झालं, मंजूर! पण आण्णांचं लक्ष कुठं होतं? म्हातारी त्यांच्याकडे बघून हसत होती आणि ते घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानं मला हातानं जवळ बोलवत होते. मी धावत गेले.

"बाई," ते कुजबुजले, "आता काय बोलायचं असतंय ओ?"